माननीय सक्षम प्राधिकारी, पत्रास कारण की…

प्रति,
माननीय सक्षम प्राधिकारी,
दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद आणि जिथे जिथे आपली फाइल फिरते तिथे.

विषय : आपली पत्रे हातात पडल्यावर ज्यांची झोप उडते, त्या परदेशी माणसांबाबत.

महोदय,

तुमचे नाव मला माहीत नाही. ते कुणालाच माहीत नसते. पत्राच्या तळाशी 'सक्षम प्राधिकारी के अनुमोदन से जारी' अशी एक ओळ असते. तिच्याखाली सही असते, आणि तीही दुसऱ्याच कुणीतरी 'कृते' केलेली. म्हणून पदनामानेच हाक मारते.

मी दिल्लीत अनुवादाचे काम करते. त्यामुळे तुमची पत्रे घेऊन माणसे माझ्या दारात येतात. लाजपत नगरातले अफगाण येतात, विकासपुरीत राहणारे म्यानमारचे चिन येतात, ग्रेटर नोएडात शिकायला आलेली आफ्रिकी मुले येतात, गुरुग्रामच्या कंपन्यांतले जपानी आणि कोरियन येतात. यांचे देश वेगळे आणि खिसे तर फारच वेगळे, पण पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : आम्हाला इथून जायला सांगितलंय का?

बहुतेक वेळा पत्रात तसे काहीच नसते. एखादा कागद कमी पडलेला असतो, कुठे सही राहिलेली असते, एखादा फोटो नियमात बसलेला नसतो. एवढीशी गोष्ट तुम्ही अशी लिहिता की वाचणाऱ्याला ती हद्दपारीची नोटीस वाटते. माझी तक्रार नेमकी ही आहे, आणि ती मी पूर्ण गांभीर्याने करते आहे.

एका पत्राचे सांगते. ते कोणत्या कार्यालयाचे होते ते लिहीत नाही, कारण ते कुठल्याही कार्यालयाचे असू शकले असते. एक अफगाण बाई आपल्या शाळकरी मुलाला घेऊन आल्या. घरात हिंदी वाचता येणारा तो एकटाच. तुमचे पत्र आधी त्यानेच वाचले होते. वर अर्ध्या ओळीचा फाइल क्रमांक, तिरक्या रेघा आणि कंसांसकट. मग विषय, त्याच्या शेवटी 'के संबंध में'. मग 'उपर्युक्त विषय पर आपके आवेदन के संदर्भ में मुझे यह कहने का निदेश हुआ है कि' इथून सुरू झालेले वाक्य. त्यात दोन अधिनियम, एक परिपत्रक आणि त्या परिपत्रकातली दुरुस्ती ओलांडल्यावर कुठे क्रियापद लागले. तेही 'अपूर्ण पाए गए हैं'. काय अपूर्ण आहे ते पुढच्या परिच्छेदात, 'संलग्नक 3, क्रम संख्या 7' असे. सोबत संलग्नक जोडलेलेच नव्हते. शेवटची ओळ तेवढी ठळक अक्षरात होती : 'अन्यथा आपका आवेदन बिना किसी अन्य सूचना के निरस्त समझा जाएगा.'

त्या मुलाला 'निरस्त' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. ठळक छापलेय म्हणजे तीच खरी गोष्ट, असे त्याने धरले आणि आईला सांगितले की आपल्याला काढून टाकले आहे. रात्रभर त्या घरात कुणी जेवले नाही. प्रत्यक्षात भाडेकराराचे एक पान स्कॅन करायचे राहिले होते.

महोदय, शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर तुम्ही घरभराच्या भवितव्याचा अर्थ लावायचे काम टाकता, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? परदेशी कुटुंबांत हे घरोघरी चालते. मुले शाळेत भाषा पटकन शिकतात आणि मग बँकेत, इस्पितळात, पोलीस ठाण्यात आईबापांच्या वतीने बोलतात. आईबापांचा आजार आणि आईबापांची भीती या दोन्ही गोष्टी त्यांना वयाआधी कळतात.

तुमचे एक कौतुक मात्र करायलाच हवे. तुमच्या पत्रात चूक सापडत नाही. प्रत्येक कलम बरोबर असते, प्रत्येक संदर्भ जागच्या जागी असतो. उद्या कुणी जाब विचारला तर कागदावर तुम्ही पूर्ण सुरक्षित आहात. पत्र तुम्ही लिहिता ते लेखापरीक्षकासाठी, वरिष्ठासाठी आणि कोर्टात जायची वेळ आलीच तर वकिलासाठी. ज्याच्या पत्त्यावर ते जाते, तो तुमच्या वाचकांत कुठेच नसतो.

कायदाही तुमच्या बाजूने उभा आहे. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे 27 वे कलम सांगते की पत्ता नीट लिहून, तिकीट लावून पत्र रजिस्टर टपालाने पाठवले की ते पोचले असे समजायचे. समजायचे, इतकेच. वाचणाऱ्याला ते उमगले का, याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नाही. वर तुमची मुदत पत्राच्या तारखेपासून धावू लागते. पत्रावर एक तारीख, पाकिटावरचा टपालाचा शिक्का त्यानंतर बऱ्याच दिवसांचा, आणि खाली 'इस पत्र के जारी होने की तिथि से सात दिन के भीतर'. पाकीट उघडायच्या आतच मुदत संपलेली, अशी पत्रे मी हातात धरली आहेत.

पण याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरेही काही सांगून ठेवले आहे, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातले आहे. 1962 सालचा हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल. प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्या माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली गेली. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदीत मागितली, ती नाकारली गेली. इंग्रजी ही शासनाची भाषा आहे, असे सांगण्यात आले. न्यायालयाने ते मानले नाही. ज्याला कारणे कळवायची त्याला ती समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत, नाहीतर त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळालीच नाही, असे ठरले आणि त्याची सुटका झाली. पुढे 1982 मध्ये इब्राहीम अहमद बट्टी प्रकरणात हाच न्याय एका पाकिस्तानी नागरिकालाही लागू झाला. त्याला समजतील अशा भाषेत सगळी कागदपत्रे दिली गेली नव्हती म्हणून स्थानबद्धता रद्द झाली. परका माणूस, तोही पाकिस्तानी, आणि तस्करीविरोधी कायद्याखाली आत टाकलेला. त्यालासुद्धा कागद समजण्याचा हक्क आहे, असे न्यायालय म्हणते. मग भाडेकराराचे पान विसरलेल्या बाईला तो का नाही? तुरुंगात जायच्या आधी माणसाला सरकार काय म्हणते ते समजू नये, असा काही दंडक आहे का?

हे निकाल स्थानबद्धतेपुरते आहेत, असे तुम्ही म्हणाल. कायद्याच्या नजरेतून ते खरेही आहे. पण त्यामागचा विचार एका फाइलीपुरता बांधून ठेवायचा नसतो.

आता भाषेचे गणित. 1976 च्या राजभाषा नियमांनी देशाचे क, ख, ग असे तीन भाग केले. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश 'क' क्षेत्रात, आपला महाराष्ट्र 'ख' मध्ये. 'क' क्षेत्रातल्या व्यक्तीला केंद्राच्या कार्यालयाने अपवाद सोडून हिंदीतच लिहायचे, आणि इंग्रजीत लिहिले तर हिंदी अनुवाद जोडायचा. त्यापलीकडे नोएडाला उत्तर प्रदेशचे पोलीस आणि गुरुग्रामला हरियाणाची वीज. म्हणजे दिल्लीभोवतीच्या राजधानी क्षेत्रात, एनसीआरमध्ये, एकाच परदेशी माणसाला तीन सरकारे लिहितात आणि कोणते पत्र कोणत्या सरकारचे, हेच आधी शोधावे लागते. हिंदीबद्दल माझी तक्रार नाही. ती इथल्या लोकांची भाषा आहे आणि सरकारने लोकांच्या भाषेतच लिहावे. पण तुम्ही लिहिता ती हिंदी लाजपत नगरचा भाजीवालाही बोलत नाही. तुमच्याच राजभाषा विभागाने सप्टेंबर 2011 मध्ये परिपत्रक काढून सोपी, बोलीतली हिंदी वापरा असे सांगितले होते. ते परिपत्रक तुमच्यापर्यंत पोचले असे समजायचे का?

गुरुग्रामच्या नोकरदार परदेशी मंडळींना इंग्रजी येते म्हणून त्यांचे सुखात चालले असेल, असेही नाही. आयकराचे कलम 143(1) चे सूचनापत्र ईमेलने येते तेव्हा भल्याभल्या इंजिनिअरांचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. त्यात दोन रकाने असतात. एक करदात्याने दिलेले आकडे, दुसरा विभागाने काढलेले. दोन्ही जुळले तर देणे शून्य, विषय संपला. पण ही 'शून्य' ओळ गाठायला पानेच्या पाने चाळावी लागतात. वर 'आकारणी वर्ष 2024-25' लिहिलेले असते आणि कमाई असते त्याच्या आदल्या वर्षाची, म्हणून नवखा माणूस भलत्याच वर्षाचे कागद काढून बसतो. रक्कम 12,50,000 अशी छापलेली. स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर देणाऱ्या माणसाला लाखाची ही मांडणी छापील चूक वाटते. 05/07 ही तारीख अमेरिकन माणूस 7 मे अशी वाचतो आणि उशीर झाला म्हणून घाबरतो, किंवा 09/07 वाचून निर्धास्त राहतो आणि मुदत घालवून बसतो. महिन्याचे नाव अक्षरात लिहायला शाई किती जास्त लागते?

आणि सोपे करता येत नाही, असे कुणी सांगू नये. 1961 चा आयकर कायदा जाऊन 2025 चा आला, 1 एप्रिल 2026 ही त्याच्या अंमलाची तारीख. त्यात 819 कलमांची 536 झाली आणि 'मागील वर्ष', 'आकारणी वर्ष' हा घोळ काढून एकच 'कर वर्ष' ठेवले गेले. ऑक्टोबर 2019 पासून आयकराच्या प्रत्येक पत्रावर ओळख क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर टाकला की पत्र खरे की खोटे ते कळते. 2018 मध्ये ई-एफआरआरओ ही ऑनलाइन सोय सुरू झाली आणि परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठी रामकृष्णपुरममध्ये लागणाऱ्या रांगांतून बहुतेकांची सुटका झाली. ही चांगली कामे आहेत आणि ती सरकारातल्याच माणसांनी केली. रांग हटवता आली, पण वाक्य मात्र जिथल्या तिथे राहिले.

तुमच्या अनाकलनीय पत्रांचा सर्वांत मोठा लाभार्थी कोण, ते ठाऊक आहे? ठग. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने लोकांना लुटणारे राजमुद्रा छापतात, फाइल क्रमांक टाकतात, चार कलमे ठोकतात आणि 'सक्षम प्राधिकारी' म्हणून खाली सही करतात. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावे लागले की कायद्यात अशी अटक असतच नाही. पण खरे पत्र आणि खोटे पत्र दोन्ही सारखेच न समजणारे असतील तर माणसाने फरक करायचा कशावरून? ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, ते आठवा. तिथली पोरे अमेरिकेत फोन लावून आम्ही तिकडचे कर खाते बोलतोय असे धमकावायची आणि लोक मुकाट पैसे भरायचे. सरकारी आवाजाची भीती आणि सरकारी भाषेचे अज्ञान या दोनच भांडवलांवर तो धंदा उभा होता. हे भांडवल तुम्ही रोज टपालाने वाटता.

ठगांच्या खालोखाल एजंट. कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या दुकानात बसलेला माणूस पत्र वाचून सांगायचे पैसे घेतो, मग ते भीतिदायक करून सांगायचे आणखी घेतो. म्यानमारमधून जीव वाचवून आलेला निर्वासित त्याला नाही म्हणू शकत नाही. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. वसंत विहारमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने दिलेले कार्ड आणि तुमचा एखादा कागद, एवढ्यावर त्याचे इथले राहणे तोललेले असते. त्या कागदाचा अर्थ विकत घ्यावा लागणे ही लूट आहे, आणि तिला वाट तुम्ही करून दिली आहे.

बरे, अर्थ विचारायचा कुणाला? पत्रावर फोन नंबर असतो, उचलत कुणी नाही. माहिती अधिकार कायदा 2005 वापरावा तर त्याचे तिसरे कलम तो हक्क फक्त नागरिकांना देते. घटनेचे 350 वे कलम मात्र 'प्रत्येक व्यक्ती'ला संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क देते. तिथे नागरिक असण्याची अट नाही. घटनाकारांनी दार उघडे ठेवले, तुम्ही आतून कडी लावलीत.

आपले मराठी लोक परदेशी पत्रांनी कमी छळले जात नाहीत. जर्मनीत गेलेल्या पुण्याच्या मुलांना विचारा. तिकडची सरकारी जर्मन समजायला जर्मन माणसालाही जड जाते. पण तिथे महत्त्वाचा कागद पिवळ्या पाकिटात येतो आणि तो दिल्याची तारीख पोस्टमन पाकिटावर लिहितो. मुदत त्या तारखेपासून. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि थेट नंबर. शेवटी निर्णयाविरुद्ध कुठे, किती दिवसांत दाद मागायची ते लिहिलेले. ते लिहायचे राहिले, तर दाद मागायची मुदत आपोआप वर्षभराची होते. कार्यालयाच्या चुकीची शिक्षा कार्यालयाला. जपानने 1995 च्या कोबे भूकंपानंतर वेगळा धडा घेतला. परदेशी लोकांना इशारेच समजले नाहीत, हे कळल्यावर त्यांनी सोप्या जपानीची चळवळ उभी केली. लहान वाक्ये, अवघड अक्षरांवर उच्चार. 2020 मध्ये तिथल्या सरकारने त्याची मार्गदर्शिकाच काढली. गुरुग्रामच्या माझ्या जपानी विद्यार्थिनीने मला ती दाखवली आणि तुमच्याकडे अशी कुठे मिळते, असे सरळ मनाने विचारले.

साधने नाहीत, असे तर म्हणूच नका. परदेशी नागरिकांचे काम गृह मंत्रालयाकडे. राजभाषा विभाग गृह मंत्रालयातच. 1 मार्च 1971 रोजी स्थापन झालेला केंद्रीय अनुवाद ब्यूरो त्याच विभागाखाली. रामकृष्णपुरमपासून हाकेच्या अंतरावर जेएनयू. तिथे फारसी, अरबी, जपानी, कोरियन, चिनी, फ्रेंच, रशियन शिकवतात आणि दर वर्षी पोरे पदव्या घेऊन नोकरी शोधत बाहेर पडतात. साकेतच्या खासगी इस्पितळांनी ती संधी कधीच ओळखली. इराकी, अफगाण, उझबेक रुग्णांसाठी तिथे दुभाषे उभे असतात, कारण रुग्ण पैसे मोजतो. लाजपत नगरच्या औषध दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने फारसी लिपीत पाटी रंगवून घेतली आहे. दिल्लीच्या रस्त्यांवरच्या पाट्या हिंदी, इंग्रजी, पंजाबी, उर्दू अशा चार भाषांत आहेत. रस्ता चुकू नये म्हणून जेवढी काळजी घेता, तेवढी माणूस चुकू नये म्हणून घ्या.

एक आठवण राहवत नाही म्हणून देते. अठराव्या शतकात पेशव्यांचे वकील हिंगणे याच दिल्लीत राहत होते. बादशाही दरबाराचा कारभार फारसीत चाले. त्यातले मर्म काढून ते पुण्याला मराठीत लिहून पाठवीत. परक्या दरबाराचा कागद आपल्या माणसाला कळला पाहिजे, ही जाण तेव्हा होती आणि त्यासाठी माणसे पदरी ठेवली जात. हिंगणे दप्तर छापून प्रसिद्ध आहे, सवड झाली तर चाळा.

माझ्या मागण्यांसाठी संसदेत विधेयक लागत नाही. पत्राच्या पहिल्या तीन ओळींत लिहा : काय हवे, कधीपर्यंत, कुठे द्यायचे. कलमे त्याखाली हवी तितकी घाला. जे घडलेले नाही त्याची धमकी ठळक छापू नका. कागद कमी असेल तर 'अर्ज अजून चालू आहे' हे आधी सांगा. मुदत पत्र हाती पडल्याच्या दिवसापासून मोजा. नेहमीच्या दहा-पंधरा पत्रांचे नमुने दारी, अरबी, बर्मी, कोरियन, जपानी, फ्रेंच भाषांत एकदाच करून ठेवा आणि ईमेलला जोडा. नोंदणी, मुदतवाढ, अपुरे कागद, मंजुरी, नकार, देश सोडण्याची परवानगी. यापलीकडे तुमची पत्रे फारशी जात नाहीत, हे मी इतकी वाचल्यावर खात्रीने सांगते. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झाला, 1939 आणि 1946 चे इंग्रजी अमदानीतले कायदे गेले. पत्रांचे मसुदे बदलायला याहून चांगली वेळ कोणती?

आणि एनसीआरमधल्या मराठी मंडळींनो, एक विनंती तुम्हालाही. तुमच्या सोसायटीत, वर्गात, कंपनीत कुणी परदेशी असेल तर त्याला विचारा, सरकारी पत्र आले आहे का. आपल्याला देवनागरी येते, हिंदी येते, सरकारी खाक्या ठाऊक आहे. दहा मिनिटे बसून वाचून द्या, आणि शाळकरी पोराला दुभाषा करू नका. त्याला दुसऱ्या खोलीत खेळायला पाठवा.

कळावे,
दिल्लीतील एक मराठी अनुवादक